पान एकशे अठ्ठ्याऐंशी

चिनी शिकले ती तुर्भ्याच्या खेळणीवाल्यासाठी.
कंटेनर कधी सुटला, बाहुल्यांचे डोळे का गळतात,
एवढंच विचारता यायला हवं होतं.
त्याचा धंदा बुडाला, भाषा माझ्याकडे राहिली.
आता गोठिवलीत, दुसऱ्या मजल्यावर बसून
एका चित्रकादंबरीतले फुगे मराठीत भरते.
पानाला एकशेवीस रुपये.
लढाई असली तरी तेवढेच.

मुलाचं नाव आ-येन. येन म्हणजे मीठ.
पहिल्या भागात तो अकरा वर्षांचा,
बांबूच्या पोकळीत चोरटं मीठ भरून
बापामागे खाडी ओलांडतो.
बाप एका चौकटीत आहे, पुढच्या चौकटीत नुसती कावड.
तो रडत नाही. कावड उचलून बघतो,
जड आहे, खाली ठेवतो, पुन्हा उचलतो,
मग होडीतल्या सात पोरांना म्हणतो,
"आपण जाऊ."

चिनीतही 'आपण' वेगळं, 'आम्ही' वेगळं.
झान्मन म्हटलं की ऐकणारा होडीत आलाच.
वोमन म्हटलं की तो काठावर राहू शकतो.

दुसऱ्या भागात सतराचा. मिशी शाईच्या डागाएवढी.
सरकारी कोठार फोडतो, धान्य स्वतः मोजून देतो,
शिगोशीग, मापावरून हात न फिरवता.
चू नावाचा लंगडा नावाडी
रात्री त्याच्या वहाणेचा पट्टा शिवत बसतो.
ती पानं मी भरभर उरकली.
आपण, आपण, आपण. बोटांना पाठ झालं होतं.

तिसऱ्या भागात घोडा येतो.
चित्रकार आता त्याला खालून बघतो:
हनुवटी, नाकपुड्या, उरलेलं आभाळ.
आणि पान एकशे बारावर पहिल्यांदा वोमन.
"आम्ही ठरवलं आहे."
मला वाटलं, छापणाऱ्याची चूक. मागे जाऊन सगळी पानं चाळली.
चूक नव्हती.
संपादक फोनवर म्हणाले,
"'आपण'च ठेवा हो, वाचकांचा जीव आहे त्याच्यावर."
मी ठेवलं नाही.

खोलीत तेव्हा भरदुपारी अंधार होता.
हसुराम म्हात्र्यांच्या वाढदिवसाचा बॅनर,
त्याची एक दोरी आमच्याच गजाला.
आई सांगते, जमिनीच्या मोर्च्यात तो एकोणीसचा,
खाचरात गुडघाभर चिखलात उभा राहून ओरडला,
"आपली जमीन हाय!"
आवाज फाटला, तसं बायांनी ताकाची चरवी पुढे केली.
बॅनरवर आता काळा चष्मा,
खाली ठळक अक्षरात: आम्ही शब्द पाळतो.
दोरी बांधायला आलेला पोरगा मात्र म्हणाला,
"ताई, आपलाच बॅनर हाय."

पान एकशे अठ्ठ्याऐंशी.
नदीकाठी चू. हातात तीच वहाण. विचारतो,
"तुमच्या 'आम्ही'त मी आहे का?"
आ-येनचा फुगा मोठा आहे,
शेपटी नीट तोंडापाशी आलेली,
आत काहीच नाही.
पुढचं पान नुसतं पाणी.
त्याच्या पुढे घोडा, पाठीवर कुणी नसलेला,
गवत खातो आहे.
संपादकांचा निरोप: मजकूर राहिलाय, आजच पाठवा.
रात्रभर मी त्या फुग्यात लिहून पुसत राहिले.
एकदा 'आहेस'. एकदा 'चुकलं'.
एकदा तर त्याच्या बापाचं नाव,
जे चारही भागांत कुठेच नाही.

सकाळी आई कोळंबी सोलता सोलता उठली,
ओले हात पदराला पुसत
पडद्यावर वाकली.
"यो काय बोलतं?"
काही नाही, म्हटलं. तीन पानं झाली, गप्पच आहे.
ती बघत राहिली.
बाहेर बॅनर एकदा फुगला, एकदा बसला.
"येवरा येल गप रायला?
मंग सुदरंल त्यो."

फुगा तसाच पाठवला.
बिलात ते पान धरलं.